कंसातला पत्ता

शालिकभाऊ गेल्याची बातमी मला बातमी म्हणूनच कळली. सकाळी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते, तेवढ्यात आमच्या पेपरच्या डेस्कवरच्या एका नव्या सहकाऱ्याचा मजकूर मोबाईलवर आला. 'मॅडम, वेबसाईटवर टाकतोय, एकदा नजर टाका.' खाली तीन ओळी. ज्येष्ठ पत्रकार शालिकराम गजभिये, पुढे कंसात वय एकाहत्तर, राहणार अमुक वस्ती, गल्लीचा क्रमांक, आणि बुद्धविहाराच्या मागे अशी खूणसुद्धा. राहत्या घरी, पेपर वाचता वाचता, हृदयविकाराच्या झटक्याने. मी आधी त्यातलं एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि मग मला कळलं की आपण काय वाचतोय... हे सांगायला लाज वाटते, पण इतकी वर्षं डेस्कवर काढली की हात डोक्याच्या पुढे धावतो.

दुसरी गोष्ट केली ती म्हणजे तो कंस खोडला. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत भाऊ ज्या एका गोष्टीशी भांडले, ती म्हणजे बातमीतल्या नावापुढचा हा कंस. तो त्यांच्याच नावापुढे लागलेला मला बघवेना. पण मग लक्षात आलं, अंत्ययात्रा कुठून निघणार हे लोकांना कसं कळायचं? नागपुरात त्यांना मानणारे शेकडो लोक, त्यातल्या निम्म्यांनी त्यांचं घर पाहिलेलं नाही. मी पत्ता पुन्हा लिहिला. भाऊ असते तर हसून म्हणाले असते, "पाह्य वं वैशाली, इतकं सोपं नाही ते."

आम्ही दोघं एकाच दैनिकात होतो. सदर भागातल्या त्या ऑफिसात मी रुजू झाले तेव्हा भाऊ गुन्हे वार्ताहर म्हणून वीसेक वर्षं मुरलेले. पोलीस ठाणी, कोर्ट आणि शवागार ही त्यांची रोजची फेरी. उंच, किरकोळ, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं, आणि प्रश्न विचारताना मान थोडी डावीकडे कललेली. उत्तर नागपुरातल्या ज्या वस्तीत ते जन्मले, तिथेच शेवटपर्यंत राहिले. बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या गर्दीत त्यांचे आजोबा होते. वडील गिरणीत. वडिलांना वाचता येत नव्हतं, म्हणून लहानपणी रोज संध्याकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायचं काम शालिकचं. भाऊ सांगायचे, "आमच्या वस्तीचं नाव पेपरात आलं की बाप खुश व्हायचा. मी म्हणायचो, बाबा, हे चोरीची बातमी आहे. दुसऱ्या कोणत्या पानावर नाव येतच नव्हतं वं आमचं... अन् मग मोठा झालो अन् तेच पान मी लिहू लागलो."

पण नाव छापण्यावर त्यांचा गाढ विश्वास होता, आणि त्याला कारण होतं. एका दुपारी ऑफिसात एक बाई आली. पायात चप्पल नव्हती. तिच्या मुलाला दोन दिवसांपूर्वी पोलीस उचलून घेऊन गेले होते, आणि ठाण्यात विचारलं तर 'असा कोणी इथं नाही' म्हणत होते. सगळे लोक नाव छापू नका म्हणून हात जोडतात. ही बाई भाऊंपुढे हात जोडून म्हणत होती, "साहेब, माह्या पोराचं नाव छापा. पूर्ण नाव छापा." भाऊ तिच्या मोहल्ल्यात गेले, उचलताना ज्यांनी पाहिलं त्या चौघांशी बोलले आणि पाच ओळींची बातमी दिली. नाव, वडिलांचं नाव, वय, पत्ता. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला कोर्टात हजर केलं. पुढे खटला चालला, त्याचं जे व्हायचं ते झालं, पण तो जिवंत कोर्टात उभा राहिला. नव्या वार्ताहरांना भाऊ हा किस्सा नेहमी सांगायचे. "नाव छापलं म्हणजे माणूस हरवत नाही," हे त्यांचं वाक्य. मलाही ते तेव्हा निर्विवाद वाटायचं.

निवृत्त झाल्यावर भाऊ जर्मनीला गेले. त्यांची एकुलती एक मुलगी प्राजक्ता तिथल्या एका मध्यम आकाराच्या गावात इंजिनिअर आहे. आई लवकर गेली, म्हणून बापलेकीचं फार गूळपीठ. तीन महिने राहायचं म्हणून गेलेले भाऊ आठवड्याभरात कंटाळले आणि त्यांनी तिथला स्थानिक पेपर बघायला सुरुवात केली. भाषा येत नव्हती, पण गुन्ह्याचं पान ओळखायला भाषा लागत नाही असं त्यांचं म्हणणं. तिथे एक फोटो होता. कोर्टात उभा असलेला माणूस, तोंडासमोर फाईल धरलेली, आणि फाईलच्या वरून जेवढं कपाळ दिसत होतं तेवढंही पेपरवाल्यांनी धूसर केलेलं. खाली नाव काय, तर 'मार्कुस क.'

"क म्हणजे काय गं? कुलकर्णी?" त्यांनी प्राजक्ताला विचारलं.

ती हसत सुटली. मग तिने सांगितलं की इथे साध्या माणसावर आरोप असला तर आडनावाचं पहिलं अक्षर तेवढं देतात, बहुतेक वेळा तेही नाही. भाऊंना हे पटेना. शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहायचे. त्यांची आणि भाऊंची कुंपणावरून मैत्री जमली होती, मध्ये प्राजक्ता दुभाषी. भाऊंनी विचारलं, चोर कोण आहे हे गावाला कळायला नको का? पोस्टमन म्हणाले, "पोलिसांना कळलं, कोर्टाला कळलं. मला कशाला कळायला हवं? कोर्ट शिक्षा देईल तिला शेवट असतो. पेपरात आलेल्या नावाला शेवट कुठे असतो?" मग जरा खजील होऊन म्हणाले, "तसं बेकरीत सगळ्यांना माहीत असतं म्हणा."

भाऊंना या माणसाने वेड लावलं. ते रोज नवा प्रश्न घेऊन कुंपणाशी उभे. पुढाऱ्याने गुन्हा केला तर? मग नाव येतं, सगळं येतं. आणि सुटका झाली तर? आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्याचं नाव? प्राजक्ता ऑफिसातून दमून यायची आणि तिला कुंपणावर बोलावणं असायचं. एकदा त्यांनी विचारलं, "पण कोणाले पोलिसांनी उचललं अन् कोणाले सांगितलंच नाही, तर त्याच्या आईनं काय करावं?" प्राजक्ताने भाषांतर केलं. पोस्टमनना प्रश्नच कळला नाही. तिने पुन्हा केलं. ते म्हणाले, "त्याला वकील मिळतो की." त्या दिवशी घरी येऊन भाऊ म्हणाले म्हणे, "याचं उत्तर त्याच्या देशात बराबर आहे. माह्या देशात नाही. पण माह्यं उत्तर तरी बराबर आहे काय, हे आता मले समजून नाही राहिलं."

आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेत भरली होती. तिथे घंटीच्या बटणापुढे घराघराचं आडनाव लिहिलेलं असतं, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही वाचता यावं असं. "दारावर नाव मोठ्यानं लिहिते, पेपरात लपवते. अन् आपल्याकडं पोलीस आरोपीले फोटोसाठी उभा करते तर तोंडावर काळं फडकं टाकते, अन् खाली आपण त्याचं, त्याच्या बापाचं नाव अन् गल्ली छापतो. मंग फडकं कायले?" परत आल्यावर ऑफिसात चहा पिताना त्यांनी हे विचारलं तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

तोवर मी आमच्या दैनिकाच्या ऑनलाइन विभागाची प्रमुख झाले होते. जुने अंक स्कॅन करून, मजकूर टाईप करून सगळं वेबसाईटवर चढवायचं मोठं काम आम्ही नुकतंच पुरं केलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. एक दिवस एका मुलीचा फोन आला. तिच्या वडिलांचं नाव इंटरनेटवर शोधलं की आमची अठरा वर्षांपूर्वीची बातमी सगळ्यात वर येते, ती काढा, असं तिचं म्हणणं. तिने पुण्यातल्या एका इस्पितळात नर्सच्या नोकरीसाठी अर्ज केला होता. मी बातमी उघडून पाहिली. लग्नाच्या हॉलमधून दागिन्यांची बॅग चोरीला गेली, हॉलवर काम करणाऱ्या एकाला अटक, नाव, कंस, कंसात सगळं. दोन शिपायांच्या मधे उभ्या असलेल्या माणसाचा फोटो. मी तिला म्हणाले, "मॅडम, अटक झाली होती ना? मग बातमी खरी आहे. खरी बातमी आम्ही काढू शकत नाही." ती म्हणाली, "पण त्यांनी केलंच नव्हतं." मी म्हणाले, "तसं बातमीत म्हटलेलंच नाही." आणि मला वाटलं, आपण किती मुद्देसूद बोललो.

भाऊ निवृत्तीनंतरही सल्लागार म्हणून आठवड्यातून दोनदा यायचे. मी त्यांना हा फोन सहज सांगितला. त्यांनी बातमी बघायला मागितली. चष्मा वर करून, खाली करून दोनदा वाचली. मग म्हणाले, "हे म्या लिहिली." आणि खाली जुन्या अंकांच्या संग्रहात गेले. तासाभराने वर आले तेव्हा हातात कागद होता. पहिल्या बातमीनंतर पाच दिवसांनी आलेल्या चार ओळी त्यांनी हाताने उतरवून आणल्या होत्या. दागिने सापडले. चोरी वधूपक्षाच्याच 'एका प्रतिष्ठित कुटुंबातील नातेवाइकाने' केली होती. 'आधी ताब्यात घेतलेल्या इसमास सोडून देण्यात आले.' ही चार ओळींची बातमी स्कॅनमध्ये पुसट आली होती, म्हणून टाईप करणाऱ्यांनी सोडून दिली होती. म्हणजे वेबसाईटवर अटक होती, सुटका नव्हती.

"चाल," ते म्हणाले. "जाऊन येऊ."

त्या मुलीचं घर ज्या गावात, त्या गावाला मी इथे कामठी म्हणते. ते कामठी नसेलही. अटक झालेल्या त्या गृहस्थांचं नाव, आडनाव, आज काय काम करतात, यातलं काहीच मी लिहिणार नाही, कारण यातलं एक जरी लिहिलं तरी ओळखणारे ओळखतील. आम्ही शेअर ऑटोने गेलो. दार त्या गृहस्थांनीच उघडलं. भाऊंनी स्वतःचं नाव सांगितलं, पेपरचं सांगितलं आणि उंबऱ्याबाहेरच उभं राहून म्हणाले, "ते बातमी मी लिहिली होती."

ते दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, "आत या."

आम्ही बसलो. ते म्हणाले, "म्या लय दिवस शोधलं तुमाले. बातमीत माह्यं नाव होतं, माह्या बापाचं होतं, गल्ली होती. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. नुसतं 'प्रतिनिधी'."

"बराबर आहे," भाऊ म्हणाले.

"मी सुटलो ते काहून नाही छापलं?"

भाऊंनी खिशातून तो कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी सावकाश वाचला. मग मान हलवत, रागाने नाही, काहीतरी विचित्र गंमत सापडल्यासारखे म्हणाले, "पकडलं तवा नाव होतं. सोडलं तवा इसम झालो."

मला ती खोली सोडून पळून जावंसं वाटलं. भाऊ मात्र म्हणाले, "मी आता पुन्हा छापतो. नावासकट. तुम्ही निर्दोष होते म्हणून. माह्या नावासकट छापतो."

"नको नको," ते घाईने म्हणाले. "इथं आता नवे लोक राहाले आले. त्याहिले माहीतच नाही. तुम्ही छापाल तर ते विचारतील, काय झालं होतं म्हणून."

आतल्या दारात त्यांची मुलगी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "फोनवर तुम्हीच होत्या ना?" मी हो म्हणाले. भाऊंकडे वळून ती म्हणाली, "काका, आम्हाले नवीन काही छापून नको. जे आहे ते फक्त दिसू नका देऊ."

परतताना ऑटोत भाऊ म्हणाले, "एका आईनं नाव छापा म्हणून हात जोडले. हे पोरगी म्हणते दिसू देऊ नका. दोघी बराबर आहेत. मंग नियम काय करायचा?" ते मला विचारत नव्हते. पण त्यांचा आवाज खचलेला नव्हता, उलट कोडं सापडलेल्या माणसाचा होता. मला तेव्हा त्याचा थोडा रागच आला. आता वाटतं, त्या कुतूहलानेच त्यांना पुढचे तीन महिने टिकवलं.

कारण संपादकांना पटवायला तीन महिने लागले. संपादक वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं, आज ही बातमी काढली तर उद्या एखादा पुढारी येईल आणि माझीही काढा म्हणेल, आणि जुना अंक हा इतिहास आहे, त्याला हात लावायचा नसतो. भाऊ म्हणाले, "पुढाऱ्याची नका काढू. तो मत मागाले येते, त्याचं नाव लोकायचं आहे. हा माणूस काय मागून राहिला? अन् जुनी फाईल मी फाडा नाही म्हणत. ते खाली राहू द्या. ज्याले पाहायचं आहे त्यानं यावं, अर्ज लिहावा, पानं उलटवावी. इतकी मेहनत घेणाऱ्याले काही कारण असते. घरबसल्या नाव टाकून पाहणाऱ्याले काय कारण आहे?"

याच काळात त्यांनी आणखी एक उद्योग केला. एका अख्ख्या वर्षाच्या फाईली काढून रोज दोन तास ते गुन्ह्याचं पान वाचत बसले. त्यातली बरीच पानं त्यांनीच लिहिलेली. एक दिवस मला खाली बोलावलं आणि बोटाने दाखवत गेले. वस्तीतली घटना असली की वस्तीचं नाव, गल्ली, खूण. पैसेवाल्या भागातली असली की 'शहरातील एका उच्चभ्रू वसाहतीत'. तिथल्या माणसाला 'व्यावसायिक' म्हटलेलं, नाव नाही. "मी तिकडं विमानानं गेलो अन् थक्क झालो," ते म्हणाले, "अन् तेच आपल्याकडं होतंच वं. फक्त काही कॉलन्यांसाठी. अन् ते मीच करत होतो, कोणी सांगितल्याशिवाय." हे बोलताना त्यांचा हात त्या पिवळ्या पानावरून फिरत होता, कोणाच्या तरी पाठीवरून फिरवावा तसा.

शेवटी संपादकांनी ऐकलं, अर्धंमुर्धं. ती बातमी इंटरनेटच्या शोधात येणार नाही अशी व्यवस्था मी माझ्या हाताने केली. सुटलेल्या माणसाने अर्ज केला तर तपासून तसंच करायचं, असं ठरलं. गुन्ह्याच्या पुढच्या बातम्यांतून गल्ली आणि खूण गेली. वस्तीचं नाव राहिलं, त्यावर भाऊ हरले. त्या मुलीला पुण्याला नोकरी लागली. बातमी दिसेनाशी झाल्यामुळे की तशीही लागणार होती, हे कळायला मार्ग नाही. भाऊंना ते न कळणं फार आवडायचं नाही, पण तिला विचारायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं.

तिच्या वडिलांकडे ते त्यानंतरही जात राहिले. मला पुन्हा नेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी भाऊंच्या घरी गेले. खाली धाकट्या भावाचं कुटुंब, वर भाऊंची एकच खोली. प्राजक्ता अजून परत गेलेली नाही. खोली आवरायला घेतलीय म्हणाली, पण आवरलेलं काही दिसलं नाही. पलंगावरची चादरसुद्धा तशीच होती. तिने भाऊंचा जुना मोबाईल माझ्या हातात दिला. "ताई, हे बघा. मला यातलं कोणीच ओळखू येत नाही."

संपर्कांच्या यादीत नातेवाइकांची आणि ऑफिसातली थोडीच नावं होती. बाकी सगळं वेगळंच. 'निळं दार, दोन मुली.' 'भाजीत मीठ जास्त.' 'रडली नाही.' 'बकरीवाले आजोबा.' 'चहा नको म्हणते तरी करते.' अशी पन्नास-साठ माणसं. ज्यांच्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं किंवा लिहायचं टाळलं होतं, त्यांची असावीत. फोन हरवला, कोणाच्या हाती पडला, कोणी जप्त केला, तरी त्यातून एकही माणूस सापडला नसता. फक्त भाऊंनाच ठाऊक, कोण कोण ते.

आम्ही बघत असतानाच तो वाजला. पडद्यावर आलं, 'कडुलिंब, तिसरा मजला.' प्राजक्ताने उचलला. पलीकडे एक बाई होती. "भाऊ आहेत काय?"

प्राजक्ताने सांगितलं. ती बाई म्हणाली, "मी... मी माह्यं नाव..."

"नाव नका सांगू," प्राजक्ता म्हणाली. "घर माहीत आहे ना? या ना घरी. मी आहे अजून पंधरा दिवस."

फोन ठेवल्यावर तिने डोळे पुसले आणि एकदम हसून म्हणाली, "तुमच्या फोनवरून लावा ना. ऑफिसच्या नावांत तुम्ही दिसला नाहीत. बाबांनी तुम्हाला काय लिहिलंय ते कळेल."

मी पर्समधून फोन काढला. भाऊंचा नंबर मला पाठ होता. सात आकडे दाबले... आणि थांबले. वीस वर्षांच्या ओळखीत या माणसाने मला कशावरून लक्षात ठेवलं, हे मला आजही हवं आहे, हे लिहितानाही हवं आहे. पण तेही भाऊंनाच ठाऊक राहू दे, म्हणून मी फोन परत पर्समध्ये ठेवला. प्राजक्ताने भाऊंच्या मोबाईलला चार्जर लावला आणि जिथे रेंज बरी येते त्या खिडकीत तो उभा करून ठेवला.